झिंगे टेबलावरच

पिंजऱ्यातून काढलेला झिंगा काकू पाठीकडून दोन बोटांत धरायच्या, समोरच्याच्या नाकापर्यंत न्यायच्या आणि म्हणायच्या, "पाह्य. जीव एवढासा, पण हात नाही जोडत. नांग्या उगारते." पाहणारा दचकून मागे सरकला की बाई खूश. मी सरकले नाही, उलट याचं कालवण कसं करता म्हणून विचारलं. आमची मैत्री जमली ती तिथेच.

इथे अमेरिकेत, हर्नडनमध्ये त्यांच्या मुलाचं घर आमच्या घराला लागून आहे. आधीच्या मालकाने मागच्या अंगणात हौसेने एक तळं खणून घेतलं होतं. मुलाला ते बुजवून हिरवळ लावायची होती. तेवढ्यात काकांच्या पश्चात काकू भंडाऱ्याहून इथे राहायला आल्या आणि त्यांना पाण्यात हालचाल दिसली. तळ्यांच्या जिल्ह्यात वाढलेली बाई ती, बुजवणं तिथेच बारगळलं. इथे याला क्रॉफिश म्हणतात, दक्षिणेकडे लोक मोठमोठ्या पातेल्यांत ते उकडून पार्ट्या करतात, अशी माहिती मी पुरवली. काकूंना उकडलेलं काही खाण्यात रस नव्हता.

पिंजरा त्यांनी स्वतः केला. भाजीच्या दोन तारेच्या टोपल्या तोंडाला तोंड लावून बांधल्या, एका बाजूने बाटलीचा कापलेला गळा आत वळवून बसवला आणि आमिष म्हणून कोंबडीची मान टाकली. "आत यायला वाट आहे, बाहेर निघायचं सुचत नाही," त्या मला म्हणाल्या. "तुमच्या सगळ्यांसारखं." माझ्या व्हिसाच्या रडकथा त्यांनी नुकत्याच ऐकल्या होत्या.

गवतावर औषध फवारणारा माणूस आला, तर ते तळ्यात उतरेल म्हणून या त्याच्या नळीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. इंग्रजीचा गंध नव्हता. तो माणूस मात्र सगळं समजून निघून गेला आणि परत आला नाही.

झिंगे स्वच्छ पाण्यात ठेवून त्यांच्यातला चिखल निघू द्यायचा, मग डोकी कुटून त्यांचं पाणी गाळायचं, आणि त्यात भाजलेलं खोबरं, खसखस, तिखट. सोबत भात. मी नाशिकची, तिखटाला घाबरणारी नव्हे, पण त्या रश्श्याने माझे कान गरम व्हायचे. तरी दुसऱ्यांदा वाढून घ्यायचे.

सून पुण्याची, शाकाहारी घरातली. मुलगी वाईट मुळीच नाही. वासाने तिला खरोखर मळमळायचं. म्हणून काकूंसाठी गॅरेजमध्ये शेगडी आली. तळण आणि मासळी गॅरेजमध्ये, ही इथल्या आपल्या निम्म्या घरांची रीत आहे. काकूंनीही ती मुकाट्याने मान्य केली. पण मग एके दिवशी मुलाने गॅरेजमध्ये घडीचं टेबल आणि एक खुर्ची आणून मांडली. आईने इथेच निवांत जेवावं, म्हणजे कोणालाच त्रास नाही.

मी तेव्हा तिथेच होते. काकूंनी त्या खुर्चीकडे पाहिलं. "शिजवीन इथं," त्या म्हणाल्या. "जेवीन घरात."

"आई, प्लीज, इश्यू नको ना करू."

"मी नाही इश्यू करून राहिली. आईचं ताट गाडीपाशी कोणं लावलं?"

आणि ताट घेऊन त्या घरातल्या टेबलावर जाऊन बसल्या. सून आपलं ताट घेऊन वर गेली. पुढे झिंगे असले की हे ठरूनच गेलं. एकदा मी शहाणपणा करून म्हटलं, काकू, जाऊ द्या ना आता, एवढं काय त्यात. त्यावर आठवडाभर माझ्याशी अबोला.

मग त्यांच्याकडे मराठी मंडळातल्या लोकांचं जेवण होतं. तेवढा एक दिवस नको, असं मुलाने हात जोडून सांगितलं होतं. काकूंनी श्रीखंडाच्या भांड्याशेजारी झिंग्यांचं पातेलं आणि आपलं ताट मांडलं. एका बाईंनी हळूच विचारलं, "इथे?"

"माझ्या पोराचं घर आहे," काकू म्हणाल्या. "इथं नाही तर कुठं?"

सगळी शिकलेली माणसं आपापल्या वाटीत बघत बसली. तुम्हीही असल्या पंगतीत बसला असाल, तेव्हा ती शांतता तुम्हाला सांगायला नको. मला त्यांचा राग आला, अजून येतो. मी काकूंच्या शेजारी जाऊन बसले. त्यांनी रश्श्याचं पातेलं माझ्याकडे सरकवलं.

त्यानंतरच्या हिवाळ्यात त्या साध्या तापाचं निमित्त होऊन गेल्या.

वर्षश्राद्धाला पुन्हा तीच मंडळी जमली. काकूंच्या नावाचं पान वाढून झालं: वरणभात, खीर, वडे. मग सून गॅरेजमधून आत आली. नाकावर ओढणी, डोळे पाण्याने भरलेले, हातात लालभडक रश्श्याची वाटी. ती तिने पानात ठेवली. कुणीतरी म्हणालं, अगं, हे बाहेर ठेवायचं ना.

"आई बाहेर जेवायच्या नाहीत," ती म्हणाली.

मग खुर्ची ओढून ती त्या पानाशेजारी जेवायला बसली.