नारळ फोडून दाखवा

फौजेतून सुभेदार होऊन घरी आलो, तेव्हा गावाला वाटलं, हा आता पारावर बसून राजकारण करील. मी इतिहासाच्या एम.ए.ला नाव घातलं. तेही लोकांनी चालवून घेतलं. पण अभ्यासाला मी ख्रिस्ती धर्माचा आरंभकाळ घेतला, आणि मी बाटलो ही बातमी म्हसवडजवळच्या आमच्या गावात पसरायला एक पार्सल पुरलं. त्यातल्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर क्रूस होता. कुरियरवाल्यानं गावातल्या दुकानात ठेवलेलं पार्सल कुणीतरी उघडलं आणि फोटो गावाच्या ग्रुपवर टाकला.

मी खुलासा केला नाही. का करावा? दर रविवारी सिद्धनाथाच्या दर्शनाला जाणारा माणूस मी. ज्याला ते दिसत नाही, त्याला सांगून काय उपयोग. शिवाय विषयानं मला झपाटलं होतं. यहुद्यांमधल्याच एका लहानशा पंथापासून सुरुवात. स्वतःचं देऊळ नाही, कुणाच्या तरी घरी जमायचं. गुलाम आणि घरची मालकीण एकत्र जेवायची. शेजारी म्हणत, हे लोक माणसाचं मांस खातात. रोमन अधिकाऱ्यांना त्यांच्या मनातल्या श्रद्धेशी फारसं देणंघेणं नव्हतं. बादशहाच्या मूर्तीपुढे चिमूटभर ऊद टाका, दाखला घ्या आणि घरी जा, एवढंच म्हणणं. पुष्कळांनी टाकला. काहींनी नाही टाकला आणि जिवानिशी गेले. पुढे सत्ता हाती आल्यावर याच धर्माच्या लोकांनी दुसऱ्यांची देवळं बंद पाडली, तेही मी वहीत तितक्याच ठळक अक्षरात लिहिलं. मला कुणाचा कैवार घ्यायचा नव्हता.

त्या बातमीशी खरी गाठ पडली ती मुलीचं लग्न ठरवताना. वडूजकडचं स्थळ होतं, मुलगा तिला मनापासून आवडला होता. सुपारी फोडायला मुलाला घेऊन पाहुणे आले आणि मुलाच्या मामांनी खिशातून मोबाइल काढून तोच फोटो माझ्यापुढे धरला.

"सुभेदारसाहेब, आमचा तुमच्यावर इश्वास हाय," ते म्हणाले. "पण भावकी लय बोलाय लागलीया. समद्यांदेखत देवळात नारळ फोडून दाखवा. आमी शूटिंग घेतो, ग्रुपवर टाकतो. मिटला इषय."

माझं डोकं सणकलं. "मी दर रविवारी फोडतोच की."

"मग आज काय हरकत हाय?"

"आज तुमी सांगताय, ही हरकत हाय."

मामांनी चहाचा कप खाली ठेवला. खुशाल उठा, असं मी म्हणणारच होतो. तेवढ्यात आतल्या दारात मुलगी दिसली, नवी साडी नेसलेली, आणि माझा ताठा उतरला. हट्ट माझा आणि मोडणार लग्न तिचं. फौजेत साहेबाच्या तोंडावर बोलणारा मी, पण त्या दिवशी देव्हाऱ्यापुढचा नारळ उचलला आणि पायांत चपला सरकवल्या. लाज वाटत होती, तरी निघालो होतो.

उंबऱ्यावर तिनं माझ्या हातातून नारळ काढून घेतला.

"मला पोरगा पसंत हाय," ती मामांना सरळ म्हणाली. "पण माझ्या बापाला देवाम्होरं उभा करून तुमी शूटिंग घेणार, आन मी त्याच घरात नांदायची? न्हाई जमायचं, मामा."

मुलगा काहीतरी बोलेल असं मला वाटलं. तो खाली बघत बसून राहिला. मामा उठले, त्यांच्यामागून तोही उठला.

स्थळ मोडलं. भावकीत अजून दोष मलाच देतात, देऊ देत. मी पेपर दिले, आणि पुढचं पार्सलही त्याच दुकानात मागवलं, सगळ्यांना दिसेल असं.

त्या दिवशी पाहुण्यांची गाडी वळल्यावर मात्र ती पायरीवर बसून रडली. मी शेजारी बसलो.

"पोरी, मी फोडला असता गं," मी म्हणालो.

"ठावं हाय मला, आबा," ती म्हणाली. "म्हणूनच आडवी आले."