मोरपंखी

मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमावाला. वायर, सर्किट, मीटर - यांच्यापलीकडे कशावर माझा विश्वास नाही, तेव्हाही नव्हता. म्हणूनच हे लिहायला इतकी वर्षं लागली...

२००४ साल असेल. नाशिकला कॉलेज रोडला माझं प्रोजेक्टर भाड्यानं द्यायचं दुकान होतं. वसुधाताई नावाच्या बाई आल्या. घोटीला शिक्षक म्हणून निवृत्त झालेल्या त्यांच्या वडिलांची पंच्याहत्तरी होती. गंगापूर रोडच्या एका हॉलमध्ये जुने फोटो मोठ्या पडद्यावर दाखवायचे होते. त्यात त्यांच्या आईचा एकच फोटो - लग्नानंतर स्टुडिओत काढलेला, ब्लॅक अँड व्हाइट. ताई दोन वर्षांच्या असताना आई गेली. वडिलांनी पुन्हा लग्न केलं नाही, आणि तिच्याबद्दल घरात कधी चकार शब्दही काढला नाही.

सकाळी नऊला मी टेस्टिंगला बसलो. आईचा फोटो लावला आणि थबकलो. चेहरा, खुर्ची, मागचा पडदा, सगळं करडं. पण साडी हिरवट निळी!

मला वाटलं, प्रोजेक्टरचा टिंट बिघडलाय, रंगछटा चुकतेय. मेनूत जाऊन कलर शून्यावर आणला. आधीचा रंगीत फोटो लावून बघितला, त्यातले हिरवे डोंगर राखाडी झाले होते... साडी मात्र तशीच. फॅक्टरी रिसेट केलं, केबल बदलली. लॅपटॉपवर बघितलं तर तिथे साडी करडीच. मग दुकानातून दुसरा प्रोजेक्टर मागवला. पुन्हा तेच.

हॉलची तयारी बघायला आलेल्या वसुधाताई म्हणाल्या, राहू दे, तो फोटोच काढून टाका. लोकांना वाटेल आम्ही रंगवून आणलाय. पण मी हट्टाला पेटलो होतो. एवढ्या वर्षांत मला एक चित्र सरळ करता येऊ नये? कॉन्ट्रास्ट, ब्राइटनेस, एकेक आकडा कमी-जास्त करत राहिलो.

तेवढ्यात मागे कुणीतरी उभं असल्याचं जाणवलं. ताईंचे वडील, गुरुजी होते. ठरल्या वेळेच्या आधीच आले होते. मी घाईनं म्हटलं, "गुरुजी, जरा रंग बिघडलाय, आत्ता करतो नीट."

"हात लावू नका," ते म्हणाले. मग पडद्याजवळ गेले. "मोरपंखीच होती. मी तिला म्हटलं होतं, एवढी नवी साडी कशाला नेसतेस, फोटोत कुठं रंग येतोय? तर म्हणाली, आज ना उद्या येईल."

ते तिथेच खाली बसले, वसुधाताईही त्यांच्या शेजारी बसल्या. गुरुजी बोलायला लागले - आई कशी हसायची, भात लावताना काय गुणगुणायची, ताईंचं नाव तिनं वसुधा का ठेवलं. पाहुणे येऊन बसले तरी ते थांबले नाहीत. कार्यक्रम तासभर उशिरा सुरू झाला. कुणीच घाई केली नाही.

जेवणं झाल्यावर मी तोच फोटो, त्याच सेटिंगवर पुन्हा लावला. साडी करडी होती.

ताईंना विचारून मी त्या फोटोची कॉपी ठेवून घेतली. त्यानंतर दुकानात आलेल्या प्रत्येक मशीनवर तो लावून बघितला. फाइल जाणकारांना दाखवली. त्यात रंगाची माहितीच नाही, असं ते सांगतात. ते मलाही माहीत आहे. पण त्या दिवशी हॉलमध्ये आम्ही तिघांनी तो रंग पाहिला, आणि मी रंगाचं नावही घेतलं नसताना गुरुजींनी ते सांगितलं.  शोधणं मी अजून सोडलेलं नाही.