कलंडलेला कलश आणि कार्डांचा तिसरा संच

देवीचा कोप आणि देवीची कृपा, दोन्ही मी एकाच आठवड्यात डोळ्यांनी पाहिली आहेत. कोप म्हणजे एक कलंडलेला कलश होता. कृपेबद्दल मात्र अजून खात्रीनं सांगता येत नाही... असल्या गोष्टींवर माझा तेव्हा विश्वास नव्हता, आजही नाही.

साठ-बासष्टच्या सुमाराची गोष्ट. बेळगावहून येऊन मी बंगळूरच्या एका कारखान्यात लागलो होतो, खोली मल्लेश्वरमला. गोदामातल्या प्रत्येक सुट्या भागाचं एक भोकं पाडलेलं कार्ड, आणि ती कार्डं वाचणारं अवाढव्य यंत्र – हे आमचं खातं. सगळ्या कार्डांचा दुसरा संच वेगळ्या खोलीत, लोखंडी कपाटात. पहिला बिघडला तर दुसऱ्यावरून नवा करायचा. इथवर शहाणपण होतं.

मग आयुधपूजा आली. त्या दिवशी इथे सायकलीपासून रंध्यापर्यंत सगळ्याला कुंकू लागतं. आमचे सुपरिंटेंडेंटसाहेब म्हणाले, "एका संचाची पूजा आणि दुसऱ्याची नाही, हे बरं दिसत नाही."

दोन्ही संच एकाच टेबलावर मांडले गेले. विज्ञान आणि परंपरा यांवर साहेब बराच वेळ बोलले. मग त्यांनी त्याच टेबलाच्या कडेवर नारळ आपटला. कलश आडवा झाला आणि दोन्ही संच भिजले. फुगलेली कार्डं यंत्र घेईना, आणि मिटलेली भोकं डोळ्यांनाही वाचता येईनात.

कार्डांना भोकं पाडणारे विठोजीअण्णा, पिढ्यान्‌पिढ्या इथलेच मराठी, शांतपणे म्हणाले, "आता अख्खं गोदाम मोजायचं. सगळ्यांची रजा बंद."

तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्याच मुहूर्तावर बेळगावात माझं लग्न होतं.

"अण्णा, मुलीकडच्यांना काय सांगू?"

"सांग, स्वल्प थांबा. बोल्ट मोजतोय."

दसऱ्याची सुट्टी संपवून आलो, तर लोखंडी कपाटात तिसरा संच. कोरडा, कुंकवाचा ठिपकाही नाही. साहेबांनी हात जोडले. मी म्हणालो, "देवीनं दिला असला तरी आधी ताडून बघू."

संच यंत्रातून न अडकता गेला. मग अण्णांनी आणि मी गोदामात हाताला येतील ती खोकी उघडून माल मोजला. सगळं जुळलं. पूजेच्या आदल्या संध्याकाळी, निघता निघता मी बदललेलं एक कार्ड... तेही त्यात बदललेलं होतं. म्हणजे संच त्यानंतरचा. आणि त्यानंतर थेट पूजेलाच खातं उघडलं होतं – किल्ली साहेबांच्या खिशात.

"अण्णा, तुम्हीच केलात ना?"

"मी त्या संध्याकाळी होसकोट्याला, अक्काकडे. पूजेला तिथूनच आलो. आणि एवढं काम करून मी गप्प बसेन होय रे?"

हा पुरावा मात्र बिनतोड होता.

माझं लग्न मुहूर्तावर लागलं. तो संच कुणी केला, कधी केला, आजतागायत कळलेलं नाही.

पुढच्या आयुधपूजेला साहेबांनी तिन्ही संच टेबलावर मांडले.