मला न विचारता फॉरमॅट

आज कॉम्प्युटर साफ करताना तापलेल्या धुळीचा वास आला आणि गोव्यातल्या डिचोलीतलं कॉम्प्युटर दुरुस्तीचं ते दुकान डोळ्यांसमोर उभं राहिलं. मी तेव्हा कॉलेजात होते. गेम सुरू केला की माझा कॉम्प्युटर बंद पडायचा. बाबांच्या स्कूटरवर मागे बसून, मांडीवर धरून मी तो आमच्या कारापूरहून तिथे नेला होता.

"नवं ग्राफिक्स कार्ड घातलंय, त्याला पॉवर सप्लाय कमी पडतोय," मी म्हटलं.

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "विंडोज बिघडलीय. पोरी गेम खेळायला लागल्या की असंच होणार," असं बाबांना सांगून त्याने मला न विचारता सगळं फॉरमॅट केलं. आई गेली, त्याआधीच्या चवथीचे, म्हणजे गणपतीतले, तिचे फोटो त्यातच होते.

घरी गेम लावला, तर कॉम्प्युटर पुन्हा बंद. बाबा तसेच मला घेऊन परत गेले आणि काउंटरवर ओरडले, "चेडू काय सांगता तां आदी आयक!" चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मी.

त्याने पॉवर सप्लाय बदलला आणि कॉम्प्युटर नीट चालू लागला. मी फोटोंचं विचारलं, तर तो बाबांनाच म्हणाला, "तिला बॅकअप ठेवायला सांगा."

मला तेव्हा माझीच चूक वाटली. मी त्या माणसाला चक्क सॉरी म्हटलं. त्या सॉरीचा मला आज सगळ्यात जास्त संताप येतो.