साईड स्टँडची नरम स्प्रिंग

"बाय, तुझ्या कामानं माझी सगळ्या गावासमोर शोभा झाली."

दुमिंग अंकलनी हेल्मेट काउंटरवर ठेवलं ते जरा जोरातच. रविवारी मिस्सा सुटली, माणसं चर्चच्या आवारात बोलत उभी होती, आणि सगळ्यांच्या देखत यांची मोटरसायकल आपोआप आडवी झाली. शेजारची स्कूटर घेऊन.

मी दुचाकींच्या एका वर्कशॉपमध्ये सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर आहे, विरार पश्चिमेला. ग्राहकाची तक्रार ऐकायची, ती मेकॅनिकच्या भाषेत जॉब कार्डवर उतरवायची, आणि काम झालं की पुन्हा ग्राहकाच्या भाषेत समजवायचं, हे माझं काम. ऑटोमोबाईलचा डिप्लोमा केलाय, पण नवीन ग्राहक अजूनही मला विचारतात, "मेकॅनिक कुठेत?" दुमिंग अंकलनी तसं कधी विचारलं नाही. आमच्याकडच्या पहिल्या सर्व्हिसिंगपासून ते गाडी माझ्याकडेच देत आले होते. म्हणून त्यांचा राग मला जास्त लागला.

त्यांची गाडी जुनी, शंभर सीसीची. अर्नाळ्याच्या रस्त्याला त्यांची वाडी आहे. मोगरा, केळी, थोडं अळू. मोगऱ्याच्या दिवसांत रोज पहाटे कळ्या खुडून गाडीवरून स्टेशनला पोचवायच्या. तिथून माल दादरला जातो. तिकडची खारी हवा आणि वाडीतली रेती, दोन्ही गाडीच्या खालच्या भागाला खातात. मधला स्टँड त्यांनी कधीच काढून टाकला होता, स्पीड ब्रेकरला घासतो म्हणून. सगळा भार साईड स्टँडवर.

चर्चच्या प्रकाराआधी काही दिवस आम्ही त्याच स्टँडचं काम केलं होतं. गाडी उभी केली की फार कलायची. साईड स्टँड एका बोल्टवर फिरतो. तो बोल्ट ग्रीसशिवाय वर्षानुवर्षं फिरला की झिजून बारीक होतो, आणि ज्या भोकात तो बसतो ते भोक लांबट होतं. मग स्टँड डुगडुगतो आणि गाडी हवी त्याहून जास्त झुकते. आम्ही भोक वेल्डिंगने भरून पुन्हा पाडलं, बोल्ट नवीन टाकला, ग्रीस भरलं. जुनी स्प्रिंग ताणून ढिली झाली होती, तीही बदलली. काम चोख झालं होतं. स्टँड हलवून मी स्वतः बघितला होता.

"विनोद, गाडी घे आत," मी मेकॅनिकला म्हटलं.

विनोदने गाडी लावली, काढली, पुन्हा लावली. उतारावर लावली, मागे वजन ठेवून लावली. गाडी हलायला तयार नाही.

वर्क्स मॅनेजर कदम सर केबिनमधून आले. बघितलं. मला बाजूला घेऊन म्हणाले, "कस्टमरने नीट लावली नसेल. समजावून सांग आणि पाठव."

मी अंकलना म्हटलं, "अंकल, तुम्ही घरी लावता तशी एकदा माझ्यासमोर लावा ना."

ते सीटवर बसले. डावा पाय स्टँडकडे नेला आणि ढकलला. स्टँड खाली आला, पण पूर्ण पुढे गेला नाही. त्यांना वाटलं, गेला. त्यांनी गाडी कलंडवायला सुरुवात केली आणि मी धावत जाऊन हँडल धरलं. स्टँड सटकन मागे गेला.

इथे स्प्रिंगबद्दल सांगायला हवं. साईड स्टँडची स्प्रिंग दोन्ही बाजूंनी काम करते. स्टँड वर असला की त्याला वर धरून ठेवते, आणि पूर्ण पुढे गेला की खाली धरून ठेवते. अर्ध्यात सोडला, तर मात्र ती त्याला परत वर खेचते. जुन्या ढिल्या स्प्रिंगला अंकलचा पाय पुरत होता. नवीन स्प्रिंग कंपनीच्या मापाची, कडक. तिला पुरत नव्हता.

मी खाली वाकून बघितलं. गिअरच्या लिव्हरला पुढे आणि मागे अशी दोन रबरं असतात. पुढचं रबर बोटांनी वापरतात, मागचं टाचेने. अंकलच्या गाडीचं मागचं रबर पार गुळगुळीत झालं होतं आणि पुढच्यावर धूळ बसली होती. मग मी त्यांच्या पायाकडे बघितलं. डाव्या चपलेचं टोक घासून पातळ झालं होतं. उजवीचं चांगलं होतं. चालताना त्यांचं पाऊल पुढून उचललं जात नव्हतं.

"अंकल, डाव्या पायाला काय झालंय?"

मी हे मोठ्याने विचारलं. वर्कशॉपमध्ये कॉम्प्रेसरचा आवाज असतो, त्यामुळे आम्ही सगळेच मोठ्याने बोलतो. बाकावर बसलेल्या माणसांनी माना वर केल्या.

"काय नाय झालं," अंकल म्हणाले. "स्प्रिंग कडक हाय. जरा नरम टाक. संपली गोष्ट."

"नरम स्प्रिंग टाकता येत नाही, अंकल."

"जुनी चालत होती ना?"

"ती ढिली होती तेच धोक्याचं होतं. गाडी खड्ड्यातून गेली आणि स्टँड खाली आला तर? डावीकडे वळताना तो रस्त्याला टेकतो आणि गाडी उचलून फेकतो. नवीन गाड्यांना स्विच असतो, स्टँड खाली असला की इंजिन बंद होतं. तुमच्या गाडीला तो नाही."

त्यांनी कदम सरांकडे बघितलं. सर म्हणाले, "सेफ्टीचा पार्ट आहे, अंकल. आम्ही त्यात बदल करत नाही. उद्या काही झालं तर जबाबदार आम्ही."

"आणि उद्या पहाटे मोगरा कोण नेणार? तुम्ही?"

मी म्हटलं, "आधी डॉक्टरला दाखवा ना पाय. असं अंगावर काढू नका."

अंकल हसले. राग गेल्यासारखे हसले, पण डोळे हसले नाहीत. "गाडीची डॉक्टर तू. पायाची पण झालीस काय?" त्यांनी किल्ली घेतली, हेल्मेट घातलं. "आणि आंटीला फोन करू नकोस हां. उगाच घाबरते ती."

मी केला नाही. आमच्या बाजूने विषय संपला होता. कार्डवर मी लिहिलं, 'स्टँड तपासला, ठीक आहे. ग्राहकाला समजावले.' दोन्ही वाक्यं खरी होती.

त्याच आठवड्यात घरी भांडी घासताना मला एक गोष्ट सुचली. स्टँडला वेल्डिंग करून टाचेजवळ येईल अशी जाड सळीची जीभ काढली असती, तर अंकलना बोटांचा जोर लावावाच लागला नसता. टाच चांगली चालत होती त्यांची. स्प्रिंग तीच कडक राहिली असती. दुसऱ्या दिवशी मी कदम सरांना विचारलंही. ते म्हणाले, "एवढं करायला हरकत नाही." मी ठरवलं, पुढच्या सर्व्हिसिंगला आले की सांगू. त्यांचा नंबर माझ्या फोनमध्ये होता.

पुढचं सर्व्हिसिंग आलंच नाही. आंटींचा फोन आला.

"गाडी टेम्पोत घालून पाठवलीय. काय झालं ते तूच बघ. यांना धड सांगता येत नाही."

टेम्पोतून गाडी उतरवली तेव्हा हँडल डाव्या बाजूने वाकलेलं होतं. मी आधी स्टँडच बघितला. आमची स्प्रिंग नव्हती. तिच्या जागी एक बारीक, लांब स्प्रिंग लावली होती, करंगळीने ताणता येईल अशी. विनोदने बोटाने स्टँड हलवला आणि तो लोंबकळायला लागला. टोकाला लोखंड तिरकं घासून चकचकीत झालं होतं. रस्त्यावर घासल्याशिवाय तसं होत नाही.

आंटींकडून नंतर सगळं कळलं. आमच्याकडून निघाल्यावर अंकल सातिवलीला गेले होते. तिथे भाच्याच्या ओळखीचा एक फॅब्रिकेशनवाला होता. त्याने काही विचारलं नाही. माणूस म्हणाला नरम हवी, त्याने नरम लावून दिली. महिनाभर अंकल खूष होते. मग एका पहाटे टोपल्या लादून डाव्या वळणाला गाडी टाकली आणि तिथेच उडाले. खुब्याचं हाड मोडलं. कळ्या रस्ताभर.

मी हॉस्पिटलमध्ये गेले तेव्हा आंटी बाहेर बाकड्यावर बसल्या होत्या. त्यांनी सांगितलं, डॉक्टरांनी खुबा बघता बघता पायही बघितला. कमरेत नस दबली होती, बऱ्याच काळापासून. पाऊल त्यामुळे उचललं जात नव्हतं. "आधी आणला असता तर पाऊल बरंच सुधारलं असतं म्हणतात," आंटी म्हणाल्या. "मला माहितीच नव्हतं गं. घरात चपला घालत नाहीत ना. तुला माहीत होतं?"

"हो, आंटी."

माझा हात त्यांनी धरून ठेवला होता, तो सोडला.

अंकल माझ्याशी चांगले बोलले. तेच जड गेलं. "तू नाय म्हणालीस ते बरोबरच होतं, बाय. पण मोगरा काय थांबतो? खुडला नाय तर झाडावर फुलतो, मग बाजारात कोण घेतो त्याला?" मी त्यांना टाचेच्या जिभेबद्दल सांगितलं. का सांगितलं, कोण जाणे. ते लक्ष देऊन ऐकत राहिले. हाताने हवेत टाच दाबल्यासारखं करून बघितलं. "हे जमलं असतं," म्हणाले. मग खिडकीकडे तोंड केलं.

आता ते वॉकरने वाडीत फिरतात. डाव्या पावलाला पट्टा असतो. गाडी आंटींनी विकायला सांगितली. नायगावच्या एका मुलाने घेतली. देण्याआधी मी कंपनीची कडक स्प्रिंग बसवून घेतली. मोगऱ्याची निम्मी झाडं काढून तिथे केळी लावली आहेत, कारण केळी न्यायला टेम्पो दारात येतो.

कदम सर म्हणतात, आपण नियमाप्रमाणे केलं, आपली चूक नाही. कागदावर ते खरंच आहे. आजही कोणी नरम स्प्रिंग मागितली तर मी नाहीच म्हणेन. फक्त नाही म्हटल्यावर मी कार्ड लगेच बंद करत नाही. आधी विचारते, "मग आता हे काम करायला तुम्ही कुठे जाणार?"