मामांच्या बाभळीवरचं घरटं

माझा मिररलेस कॅमेरा तळहाताएवढा, आणि अडॅप्टरची कडी लावून त्याला जोडलेली रिळाच्या काळातली टेलिफोटो लेन्स हातभर लांब. नाकापेक्षा मोती जड, असं घरचे म्हणतात. म्हणू देत. ही लेन्स आपणहून फोकस करत नाही. चित्र मोठं करून बघायचं आणि हातानं फोकसचं कडं फिरवत बसायचं. मला तेच आवडतं.

सुट्टीत माकणीला मामांकडं गेले होते. धरणाच्या पाण्याकडेला त्यांच्या रानात एका बाभळीवर सापमार गरुडाचं घरटं होतं. दाखवलं मामांनीच. आत एकच पिल्लू, कापसासारखं पांढरं. त्याला त्रास नको म्हणून मी दोन रानं सोडून टेकाडावर तिवई लावायची. मामा तिथं चहा घेऊन यायचे.

एका संध्याकाळी त्यांनी विचारलं, "लई दुर्मिळ हाय का गं हे पाखरू?"

"मग! फोटो बघून लांबलांबून लोक येतील, मामा. वनखात्याचे साहेबसुद्धा."

मामांनी थर्मासचं झाकण लावलं आणि ते गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेकाडावरून कडं फिरवलं. बाभळीच्या बुंध्याशी धोतर दिसलं, मग कुऱ्हाड. घाव आधी दिसला, आवाज मागून आला. दुसरं कुणी असेल म्हणून पुन्हा फोकस केला. मामाच होते. मी जीव तोडून ओरडले, पण वारा उलटा होता. बाभूळ कलली आणि आडवी झाली. तेवढ्यात मादी आली, चोचीतून साप लोंबत होता. घरटं होतं तिथल्या रिकाम्या जागेवर ती घिरट्या घालत राहिली. तिचाही विश्वास बसत नसावा.

तिवईवरचा कॅमेरा काढून धावत सुटले. मामांना जन्मात उलटून बोलले नव्हते, त्या दिवशी तोंडाला येईल ते बोलले.

ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "माळढोक पाखरापायी तिकडं अभयारण्यात लोकांची रानं अडकली, ठावं न्हाय व्हय तुला? निम्मं रान धरणात गेलं माझं. उरल्यालं पाखरापायी घालवू? पोरांच्या वाटण्या व्हायच्यात अजून."

"गरुडासाठी कुणी जमीन नेत नाही, मामा!"

"धरणाच्या वक्तालाबी आमी असंच म्हणत व्हतो. पाणी इथवर कशाला येतंय!"

मामांनी कुऱ्हाड खाली ठेवली आणि बांधावरचं टोपलं माझ्यापुढं धरलं. आत कडब्याच्या पाल्यावर पिल्लू होतं. जिवंत, चोच वासून.

"शिडी लावून आधी ह्याला उतरवलं. तुझं पाखरू हाय. घे पोरी, आता जवळून काढ फोटो."

कॅमेरा डोळ्याला कसा लागला, मला माहीत नाही. कडं शेवटपर्यंत फिरवलं. या लेन्सला इतक्या जवळचं दिसतच नाही. नुसता पांढरा, धूसर गोळा. फोकस व्हावा म्हणून मी एकेक पाऊल मागं सरत गेले. आणि मामा टोपलं घेऊन पुढं पुढं येत राहिले, "अगं, हाय की इथं, बघ की," म्हणत.