डाव्या हाताची शीर

माझी बायको जुलाब-उलट्यांनी गेली. श्रीगोंद्याच्या दवाखान्यात सलाईनची बाटली स्टँडला टांगून तयार हुती, पण सुई शिरायला शीर सापडेना. अंगातलं पाणीच आटलं हुतं. दोन दिवस ती म्हणत हुती, दवाखान्यात न्या. मी म्हणत हुतो, लिंबू-मीठ पी, नाटकं करू नको.

सिस्टरनं उजव्या हाताला तीनदा टोचलं. हात टम्म फुगला, शीर न्हाई. मग डावा धरला. तो मनगटाच्या वर वाकडा. सुई जरा बसली की निसटायची.

"आजी, हा कशानं मोडला?"

बायकोच्या जिभेला कोरड पडलेली. तरी बोलली, "बैलानं मारला." माझ्याकडं बघितलं न्हाई.

आमच्या घरी बैल कधीच नव्हता. शेरडं हुती. त्यातलं एक तिनं मला न विचारता काष्टीच्या बाजारात विकलं, म्हणून मी कुऱ्हाडीचा दांडा उचलला हुता. पहिला तडाखा डोक्यावर हाणला, तो तिनं हातावर झेलला. काडकन आवाज आला, तरी मी थांबलो न्हाई. आणखी दोन हाणले. हाडवैद्यानं कामट्या बांधल्या, पण हात वाकडाच बसला. त्याच हातानं पुढं पंचवीस वर्षं तिनं मला भाकरी घातली.

सिस्टरनं पुन्हा टोचलं. बायको किंचाळली. मी औषधाच्या ट्रेला लाथ घातली आणि सिस्टरचा दंड पिरगाळला.

"जनावर हाय का ती, भोसकायला?"

कंपाउंडरनं माझी गचांडी धरून मला भिंतीवर आपटलं. ओठ फुटला. सुया जमिनीवर सांडलेल्या. नव्या आणेपर्यंत जो वेळ गेला, तो मी खाल्ला. मला ठाऊक हाय.

शेवटी पायात शीर सापडली. थेंब पडायला लागले. पाव बाटली गेली असंल, तोवर तिचा श्वास थांबला.

सिस्टर पायाची पट्टी काढत हुती. तिच्या दंडावर माझी बोटं उठलेली.

मी म्हणालो, "बाई, आमच्यात बैल नव्हता."

"कळलं मला तेव्हाच. व्हा बाजूला, त्यांचे हात सरळ करायचेत."

उजवा झाला. डावा होईना.